इंजिनाचे ‘मिसिंग’ : घरच्या घरी निदान व दुरुस्ती

पैनगंगेच्या दक्षिणेस असलेला आदिलाबाद जिल्ह्यातील बेला परिसर हा काळ्या जमिनीचा व कापसाचा प्रदेश होय. पावसाळ्यात फवारणीसाठी येथे जी उघडीप मिळते ती अनेकदा दोन-चार दिवसांचीच असते. नेमक्या अशा वेळी पाठीवरच्या फवारणी पंपाचे इंजिन अडखळू लागले किंवा औषध आणावयास निघालेली मोटारसायकल वाटेत धक्के मारू लागली, तर हातचा दिवस वाया जातो. गडबडीत प्लग, कॉइल, कार्बोरेटर असे एकामागून एक भाग बदलले जातात आणि खर्च होऊनही दोष तसाच राहतो. वास्तविक या दोषाची बहुतेक कारणे साधी असून क्रमाने शोध घेतल्यास ती घरीच सापडू शकतात.

मिसिंग म्हणजे काय?

सिलिंडरमधील पेट्रोल व हवेचे मिश्रण एखाद्या फेरीत मुळीच न पेटणे अथवा अर्धवट पेटणे यास मिसिंग म्हणतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांस एक स्फोट होतो. म्हणजेच मिनिटास ३,००० फेरे घेणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजिनात सेकंदास २५ स्फोट व्हावे लागतात. त्यांतील काही चुकले की धक्के बसतात, ओढ कमी होते व सायलेन्सरमधून फटफट असा आवाज येतो. स्फोट होण्यास तीन गोष्टी लागतात : योग्य वेळी जोरदार ठिणगी, योग्य प्रमाणात इंधन व हवा, आणि पुरेसा दाब. दोष या तिहींपैकी एकात असतो. डिझेल इंजिनात प्लग नसल्याने त्याचे निदान वेगळ्या रीतीने करावे लागते. येथे केवळ पेट्रोल इंजिनाचा विचार केला आहे.

प्रथम लक्षण पाहावे

पाना हाती घेण्यापूर्वी इंजिन केव्हा चुकते हे पाहावे. पावसात किंवा गाडी धुतल्यावरच चुकत असेल, तर प्लगच्या टोपीत वा तारेत ओल शिरली असण्याचा संभव अधिक. चढावर किंवा ओझे असताना चुकत असेल, तर प्लग कमजोर आहे किंवा इंधन अपुरे पडत आहे. केवळ मंद गतीत चुकत असेल, तर कार्बोरेटरचे बारीक छिद्र तुंबलेले किंवा टॅपेट बिघडलेले असू शकते. तापल्यावर बंद पडून निवल्यावर पुन्हा चालू होत असेल, तर कॉइलवर संशय घ्यावा. थोडे अंतर चालून इंजिन बंद पडते व टाकीचे झाकण सैल करताच पूर्ववत चालते, असे आढळल्यास झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे असे समजावे.

प्लगची तपासणी

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लगभोवतीची माती फुंकून काढावी, अन्यथा ती सिलिंडरमध्ये पडते. नंतर प्लग काढून त्याचा रंग पाहावा. फिकट तपकिरी रंग हे निरोगी इंजिनाचे चिन्ह आहे. कोरडी काळी काजळी असल्यास पेट्रोल जास्त किंवा हवा कमी जात आहे. तेलकट काळेपणा चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा वा वाल्व झिजल्याचे सुचवितो. दोन स्ट्रोकच्या पंपात पेट्रोलमध्ये तेल जास्त पडल्यानेही तसे होते. पांढरा, भाजलेला प्लग हवा जास्त होऊन इंजिन अति तापल्याचे दर्शवितो. प्लग पेट्रोलने भिजलेला असेल, तर बहुधा ठिणगीच पडत नाही.

काजळी मऊ ब्रशने काढावी. दोन टोकांमधील अंतर बहुतेक मोटारसायकलींत ०.६ ते ०.८ मि.मी. असते, तथापि माहितीपुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. तपासणीसाठी त्याच क्रमांकाचा एक चांगला प्लग घरी ठेवणे उपयुक्त ठरते. तो लावताच दोष गेला, तर पुढील शोधाची गरज उरत नाही. प्लग प्रथम हातानेच पूर्ण बसवावा. नवा प्लग त्यानंतर पान्याने सुमारे अर्धा फेरा आवळणे पुरेसे असते. जोर केल्यास सिलिंडर हेडचे आटे जातात.

प्लगची टोपी व तार कोरड्या फडक्याने पुसावी. रात्री अंधारात, उघड्या जागी इंजिन चालवून दुरून पाहिल्यास फुटलेल्या तारेतून निसटणारी निळसर ठिणगी दिसते. चालू इंजिनाच्या तारेस हात लावू नये.

इंधन व हवा

कापसाचे तंतू व बारीक धूळ यांमुळे एअर फिल्टर लवकर चोंदतो. कागदी फिल्टर धुवू नये. तो झटकावा किंवा बदलावा. कार्बोरेटर असलेल्या इंजिनात चोक थोडा ओढल्यावर चाल सुधारली, तर पेट्रोल कमी पोहोचत आहे असा अर्थ होतो. चाल अधिक बिघडली, तर ते जास्त होत आहे.

कार्बोरेटरच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसल्यास पाणी शिरले आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल थोडे पाणी सामावून घेते. मर्यादेपलीकडे मात्र पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात. म्हणून हंगाम संपल्यावर पंपात पेट्रोल ठेवू नये. कार्बोरेटरच्या जेटमध्ये तार घालू नये, कारण छिद्र मोठे होते; ते हवेने फुंकावे.

दाबाची तपासणी

ठिणगी व इंधन ठीक असूनही दोष राहिल्यास इंजिन बंद असताना, चावी काढून व प्लगची तार दूर करून, प्लगच्या छिद्रावर अंगठा दाबावा आणि किक मारावी. अंगठा जोराने ढकलला गेला पाहिजे. तसे न झाल्यास टॅपेट घट्ट, वाल्व जळलेला किंवा रिंगा झिजलेल्या असू शकतात. येथून पुढचे काम जाणकार कारागिराचे आहे.

घ्यावयाची दक्षता

काम उघड्यावर करावे. बंद खोलीत इंजिन चालविल्यास गंधहीन व विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो. जवळ विडी, कंदील वा चूल नसावी. फवारणी पंप आधी धुऊन घ्यावा. भारत स्टेज ६ ही मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. त्यानुसार बनलेल्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटर नसून इंधन दाबाने फवारले जाते. त्यांची इंधननळी घरी उघडू नये. इंजिनाचा दिवा लागल्यास संगणकीय तपासणी करून घ्यावी. मिसिंग होत असता अशी गाडी फार चालविल्यास न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो महागडा भाग निकामी होतो.

एका वेळी एकच भाग बदलावा, लगेच इंजिन चालवून पाहावे आणि काय केले ते वहीत टिपावे. दोन भाग एकदम बदलले, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. शिवाय कारागिराकडे जाण्याची वेळ आलीच, तर ही टिपणे दाखविल्याने त्याचे निम्मे काम हलके होते. पेरणीपूर्वीच ही तपासणी उरकून घेतल्यास ऐन उघडिपीत पंप दगा देण्याची भीती बरीच कमी होईल.