कोटेशनवर सही करण्याआधी

मनू, तू पाठवलेल्या कोटेशनचा फोटो नीट वाचला. पहिली गाडी घेताय, मला मनापासून आनंद झालाय. हप्ता किती बसेल, महिनाअखेरीला हातात काय उरेल, हे तू चोख मांडलं आहेस. पण एक गोष्ट खटकली, ती तुलाच सांगते. त्याच पैशात बसणारी दुसरी दणकट गाडी तुम्ही सोडलीत, का तर तिचं खालचं व्हेरिएंट मिळतं आणि हिचं वरचं. सनरूफ, मोठा स्क्रीन, अलॉय व्हील यांच्यासाठी!

अगं, गाडी आदळते तेव्हा आधी कामाला येतो तिचा सांगाडा. २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने भारतातल्या पाच गाड्या ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने आपटून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. एकीतही एअरबॅग नव्हत्या आणि पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. पुढे पोलोची दोन एअरबॅगवाली गाडी तपासली, तर तिला चार तारे पडले. तिचा सांगाडा मुळात टिकाऊ होता, म्हणून एअरबॅगचा उपयोग झाला. अल्टो, नॅनो आणि आय-टेनचा सांगाडाच त्या धडकेत टिकला नव्हता. तिथे नुसत्या फुग्यांनी काय होणार? म्हणून सेल्समन ‘मॅडम, सहा एअरबॅग आहेत’ म्हणाला की लगेच हुरळून जाऊ नकोस. सांगाडा स्थिर राहिला का, हे ग्लोबल एनकॅपच्या अहवालात स्पष्ट लिहिलेलं असतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपलं भारत एनकॅपही सुरू झालंय. तिथे मोठ्यांचे तारे वेगळे आणि मुलांचे वेगळे. तुझी चिऊ मागे बसणार, तेव्हा मुलांचे तारे आधी बघ. ही चाचणी ऐच्छिक आहे, सगळ्या गाड्यांची झालेली नसते. तपासलेली गाडी कुठल्या सालची आणि कुठल्या व्हेरिएंटची, तेही पाहून घे.

खर्च कुठे कमी करायचा, विचारत होतीस ना? त्याच कागदावर बघ. ॲक्सेसरीज किट, टेफ्लॉन कोटिंग, हँडलिंग चार्जेस. हे सगळं घ्यायलाच हवं असं मुळीच नाही. विमाही शोरूमचाच घेण्याची सक्ती नसते, बाहेरून दोन-तीन ठिकाणी भाव काढ. बंपर गार्ड तर फुकट देत असले तरी नको म्हण. २०१७ च्या डिसेंबरातच केंद्राने त्यावर बंदीचा आदेश काढलाय, कारण धक्का झेलायला पुढचा भाग चेपायला हवा, आणि गार्डमुळे तो नीट चेपत नाही. सीटच्या कडेला एअरबॅग असतील तर तिथे साधं सीट कव्हरही चालत नाही, एअरबॅगसाठी शिवलेलंच लागतं.

इथे वाचलेल्या पैशांतून चिऊसाठी चाइल्ड सीट घे. मांडीवर धरलं की झालं, असं तुझ्या सासूबाई म्हणतील. त्यांची माया मला कळते. पण ताशी ५० च्या वेगाने गाडी आदळली, तर बारा किलोचं लेकरू त्या क्षणी हातांना तीनशे किलोहून जड होतं. कुठल्याच माणसाला ते धरून ठेवता येत नाही. गाडी बघायला जाशील तेव्हा मागच्या सीटच्या फटीत हात घाल, आयसोफिक्सच्या दोन लोखंडी कड्या बोटांना लागल्या पाहिजेत. सीट त्यांतच अडकवतात. मुलांसाठी पुढची जागा नकोच.

आणि मागचा पट्टा. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळ चारोटीला उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, ते मर्सिडीजमध्ये होते. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं, आणि गेले तेच दोघे. पुढचे वाचले. पट्ट्याला वेगळा पैसा पडत नाही गं, तरी आपल्याकडे तो सीटखाली दडपलेला असतो. बीप बंद करायला बाजारात खोट्या क्लिपा मिळतात, तसली वस्तू घरात येऊ देऊ नकोस.

तुझे सुहासराव जुन्या गाडीचंही म्हणत होते. जुनी घेण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त उत्पादनाची तारीख बघा. ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची जुन्या मॉडेलांना २०२१ अखेर. त्याआधीची गाडी असेल तर एअरबॅग आहेत का ते विचारूनच घ्या. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही, किंवा लागून राहिला, तर सरळ निघून या. टायर झिजलेले असतील तर नव्यांचा खर्च किमतीतून वळता करून घ्या.

मला विचारशील तर दणकट गाडीचं खालचंच व्हेरिएंट घे. फक्त त्यात ईएससी, म्हणजे गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा, आणि सहाही एअरबॅग आहेत ना, हे शोरूमवाल्याकडून लिहून घे. स्क्रीन पुढच्या दिवाळीला बाहेरूनही बसवता येईल, सांगाडा नंतर बदलता येत नाही. उद्याच सुहासरावांशी बोल, आणि बुकिंगचे पैसे भरण्याआधी मला एक फोन कर.