परसातील गादीवाफा : उंची किती, कड कशाची?



चार-पाच एकर ऊस असलेल्या घरीही मेथीची जुडी आठवड्याच्या बाजारातूनच येते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले, 'आमच्या परसात काही येतच नाही.' येतं हो! काळ्या जमिनीत सपाट वाफा केला की आषाढात पाणी तुंबते, मुळ्या कुजतात, कोथिंबीर पिवळी पडते. तिथे वाफा उचलूनच घ्यायला पाहिजे.

मात्र गादीवाफा सर्वांनाच हवा असे नाही. मुरमाड परसात तो लवकर वाळतो. उन्हाळ्यात तर तिथे सपाट वाफाच बरा. मध्यम जमिनीत ६ इंच उंची पुरे, भारी काळ्या जमिनीत ९ इंच ते १ फूट ठेवावी. रुंदी ४ फुटांच्या वर नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. भिंतीलगत २ फूटच.

कडेसाठी सिमेंटचा खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया न घेतलेले बांधकाम तिच्यावर तडकते. बांधावरचे दगड किंवा जुन्या विटा कोरड्याच रचाव्यात, फटींतून निचराही होतो. बांबू स्वस्त, पण वाळवी लागते. औषधांचे रिकामे ड्रम कापून वापरण्याची टूम कोठे कोठे दिसते, ती मुळीच नको. वाफ्याचा तळ मोकळाच हवा.

आता भरण. १० फूट लांब, ४ फूट रुंद, ९ इंच उंच वाफ्याला ३० घनफूट लागते. २० घनफूट पोयटा माती, १० घनफूट कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट घ्यावे. ताजे प्रेसमड थेट भरू नये, ते कुजताना तापते. काळे, भुसभुशीत आणि वास गेलेले असेल तरच घ्यावे. आणि माती उसाच्या रानातली आणणार असाल तर जरा आठवून पाहा : त्यात यंदा अ‍ॅट्राझिन मारले होते का? उसाला ते सोसते, मेथी-वांग्याच्या कोवळ्या रोपांना नाही. औषधाचा अंश काही महिने मातीत राहतो. अशी माती नकोच.

खारवट जमिनीच्या गावांतील सभासदांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. दोन्ही बाजूंच्या सरीतून पाणी दिले की ओल वर चढते आणि क्षार वाफ्याच्या माथ्यावर मधोमध साचतात. पांढरी फुली दिसते ती हीच. तेथे झारीने वरून पाणी द्यावे. सरीनेच द्यायचे असेल तर रोपे माथ्यावर न लावता कडेच्या उतारावर लावावीत.

भरण एक-दोन पावसांत खाली बसते. म्हणून आधीच २ इंच जादा भरावे, आणि माती बसल्यावरच बी टाकावे.