लिंक्ड लिस्ट निवडण्याआधी

अर्जदारांची प्रतीक्षायादी छापणारा एक जावा प्रोग्रॅम माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. चाचणीत शंभर-दोनशे नावांवर तो झटक्यात चालायचा. खरी यादी लाखाच्या घरात गेली आणि तो अडून बसला. सगळ्यांनी डेटाबेसवर खापर फोडलं, पण दोष एका ओळीत होता: नावं लिंक्डलिस्टमध्ये ठेवलेली आणि लूपच्या प्रत्येक फेरीत इंडेक्स देऊन नाव मागवलेलं. ॲरेमध्ये कितव्याही घटकाचा पत्ता एका गुणाकारात आणि एका बेरजेत निघतो. लिंक्ड लिस्टला टोकापासून एकेक नोड ओलांडत जावं लागतं. जावा त्यातल्या त्यात जवळचं टोक धरतं, तरी लाखभर नावांना मिळून अडीचशे कोटींच्या आसपास पावलं पडतात. ॲरेलिस्ट वापरली आणि काम सुरळीत झालं. इटरेटर लावला असता तरी झालं असतं.

लिहिणाऱ्याने लिंक्ड लिस्ट घेतली ती मधली नावं काढा-घालायला सोपं जावं म्हणून. व्हायव्हासाठी आपण सगळेच तो तक्ता पाठ करतो: ॲरेत मधे घालायचं तर पुढचे सगळे सरकवा, लिंक्ड लिस्टमध्ये दोन पॉइंटर बदलले की झालं. यातली अट कोणी सांगत नाही. त्या जागेचा पॉइंटर आधीच हातात हवा. जागा शोधण्यापासून सुरुवात असेल, तर सगळा वेळ त्या शोधातच जातो.

आणि हा शोध ॲरेतल्या शोधापेक्षा फार महाग पडतो. प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा आणत नाही. आजच्या बहुतेक संगणकांत तो एका वेळी ६४ बाइट उचलतो. चार बाइटचे इंट ॲरेत असतील तर एका खेपेत सोळा हाती येतात. सी भाषेत तोच इंट नोडमध्ये ठेवला, तर ६४-बिट मशीनवर पॉइंटरचे आठ आणि मधली मोकळी जागा धरून सोळा बाइट जातात, शिवाय पुढचा नोड कुठे पडला असेल याचा नेम नाही. सी++चे जनक बियार्ने स्ट्रूस्ट्रुप हे प्रयोगानिशी दाखवत आले आहेत: आकडे क्रमाने लावत मधे घालायचे असले, तरी व्हेक्टर लिस्टला मागे टाकतो. सरकवणं हे सलग मेमरीतलं काम आहे, आणि ते प्रोसेसरला फार चांगलं जमतं.

मग लिंक्ड लिस्ट शिकायचीच कशाला? जरूर शिका. एलआरयू कॅश लिहा, म्हणजे तिची खरी जागा कळेल. तिथे हॅश टेबल थेट नोडचा पॉइंटर देतं, शोध उरतच नाही, आणि दुहेरी लिस्टमधला नोड उचलून पुढे नेणं खरोखर दोन-चार ओळींचं काम ठरतं. लिनक्स कर्नलमध्येही लिस्ट जागोजागी आहेत. तिथे पॉइंटर मूळ स्ट्रक्चरच्या पोटातच असतात, नोडसाठी वेगळी मेमरी मागावी लागत नाही.

एरवी सुरुवात ॲरेने करा. शंका असेल तर मोजून बघा, आणि मोजताना दोन गोष्टी सांभाळा. ऑप्टिमायझेशन चालू ठेवूनच कंपाइल करा. दुसरं म्हणजे, कोऱ्या प्रोग्रॅममध्ये ओळीने तयार केलेले नोड बहुधा मेमरीत शेजारीशेजारीच पडतात आणि लिस्ट आहे त्यापेक्षा चपळ दिसते. म्हणून नोडची जोडणी आधी उलटसुलट करून घ्या, मगच वेळ लावा.