नियोजन-तक्त्यावरील चित्रखुणा : त्या कशाला बांधाव्यात?

शाळेच्या वार्षिक नियोजनाचा तक्ता भिंतीवर लावला म्हणजे तो केवळ मुख्याध्यापकांपुरता राहत नाही. डाव्या बाजूस कामांची नावे, वरच्या कडेस महिने व आठवडे, आणि प्रत्येक कामासमोर त्याच्या मुदतीएवढी आडवी पट्टी, असे या तक्त्याचे रूप असते. अमेरिकन अभियंता हेन्री गँट (१८६१–१९१९) याच्या नावाने तो ओळखला जातो. वास्तविक पोलिश अभियंता कारोल आदामिएत्स्की याने १८९६ मध्येच याच जातीचा तक्ता योजला होता. परंतु त्याचे लेखन पोलिश व रशियन भाषांत राहिल्याने श्रेय दुसऱ्याच्या पदरी पडले.

पट्ट्यांचा अर्थ शिक्षकास चटकन उमगतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीस येणाऱ्या पालकांपैकी ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांस तो उमगत नाही. त्यांच्यासाठी आणि पहिली-दुसरीच्या मुलांसाठी पट्टीपाशी चित्र घालणे इष्ट होय : आरोग्य तपासणीस वजनकाटा, वृक्षारोपणास रोप, सहलीस मोटार. मात्र चित्र घातले की जबाबदारीही वाढते. समजा, आरोग्य तपासणी एक आठवडा पुढे गेली. संगणकावर तारीख बदलली, पट्टी सरकली, पण वजनकाटा जुन्याच आठवड्यावर राहिला. अक्षरे वाचणारा पट्टी पाहील व चुकणार नाही. चित्र वाचणारी आई मात्र त्या दिवसाची मजुरी बुडवून मुलाला घेऊन शाळेत येईल. ज्यांच्यासाठी चित्र काढले, त्यांचीच फसगत!

चित्र मागे राहते, कारण ते कशाला बांधावयाचे हे संगणकास कोणी सांगितलेले नसते. ही गोष्ट प्रथम संगणकाशिवाय समजून घ्यावी. एका पुठ्ठ्यावर बारा महिन्यांचे रकाने आखावेत. कामांसाठी रंगीत कागदाच्या पट्ट्या कापून टाचणीने लावाव्यात. काही चित्रे थेट पुठ्ठ्यावर, महिन्याच्या रकान्यात चिकटवावीत, काही पट्टीवर. आता एक पट्टी काढून पुढे लावावी. पट्टीवरचे चित्र तिच्याबरोबर जाते, पुठ्ठ्यावरचे जागीच राहते. चौथीच्या वर्गात हा प्रयोग अवश्य करावा आणि कोणते चित्र कोठे चिकटवावे, हे मुलांनाच विचारावे. १५ ऑगस्ट व २६ जानेवारीचा झेंडा पुठ्ठ्यावर, हे सांगणे सोपे आहे. दिवाळीच्या पणतीपाशी मात्र मुले अडखळतील, आणि अडखळावीतच. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, तर २०२६ साली ते ८ नोव्हेंबरला. आदल्या वर्षीच्या तक्त्याची नक्कल करून तीवर केवळ नवा सन घालणाऱ्या शाळेत पणती अठरा दिवस आधीच पेटते. सबब पणतीची जागा सुटीच्या पट्टीवर. पावसाचा ढग पुन्हा पुठ्ठ्यावर; पाऊस काही शाळेच्या सोयीने सरकत नाही.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच दोन बंधने दिलेली आढळतात. गँट तक्ता उघडून ‘फॉरमॅट’मधील ‘ड्रॉइंग’ या सोयीने आकृती काढावी, किंवा तयार चित्राची नक्कल घेऊन ती पट्ट्यांच्या बाजूस चिकटवावी. चित्राच्या कडेवर दोनदा टिचकी मारली असता एक चौकट उघडते. तिच्यातील ‘साइज अँड पोझिशन’ या पानावर दोन पर्याय आहेत. ‘अटॅच टु टाइमस्केल’ म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवणे, ‘अटॅच टु टास्क’ म्हणजे पट्टीवर चिकटवणे. पहिल्यात तारीख द्यावयाची. दुसऱ्यात कामाचा क्रमांक द्यावयाचा, तसेच चित्र पट्टीच्या आरंभाशी हवे की शेवटाशी, तेही सांगावयाचे. आडवे व उभे अंतर आकड्यांनी ठरविता येते. पट्टी झाकली जाणार नाही एवढे उभे अंतर ठेवावे.

आरंभ की शेवट हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. परसबागेतील मेथीचे काम घ्यावे. ही पट्टी सुमारे चार-पाच आठवड्यांची. आरंभाशी बियांचे चित्र बांधावे आणि शेवटाशी जुडीचे. पावसाने पेरणी आठवडाभर लांबली तरी दोन्ही चित्रे बरोबर सरकतील, आणि पोषण आहाराच्या स्वयंपाकासाठी भाजी कोणत्या आठवड्यात हाती येईल, हे तक्ता खरे सांगेल. जुडीही आरंभाशीच बांधली, तर पेरणी लांबल्यावर ती सरकेल खरी. पण पीक रेंगाळून नुसती मुदत वाढली, तर ती हलणार नाही.

हे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते. ज्या शाळेत ते नाही, तेथे एक्सेल किंवा विनामूल्य मिळणारे लिबरऑफिस कॅल्क यांत कप्पे रंगवून पट्ट्या करता येतात. एक्सेलमध्ये चित्राच्या गुणधर्मांत तीन पर्याय आढळतात : कप्प्यांबरोबर सरकून आकारही बदलणे, सरकणे पण आकार राखणे, आणि दोन्ही न करणे. मधला पर्याय निवडावा. कॅल्कमध्ये चित्राचा नांगर ‘पेज’ऐवजी ‘सेल’ला टाकावा. तरीही एक मर्यादा राहते. येथे चित्र कप्प्याला बांधलेले असते, कामाला नव्हे. डावीकडे नवा रकाना घातला तर चित्र सरकेल. परंतु एका कप्प्याचा रंग पुसून दुसरा रंगविला, तर त्याचा चित्राला पत्ताही लागत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे इमोजी. विंडोजमध्ये विंडोज-कळ दाबून धरून इंग्रजी पूर्णविरामाची कळ दाबली की त्यांचा संच पुढे येतो. इमोजी हे संगणकाच्या लेखी अक्षरच असल्याने ते कप्प्यातच बसते. रंगीत कप्पा ‘कट’ करून दुसरीकडे ‘पेस्ट’ केला की रंग व खूण दोन्ही जोडीने जातात. दिसण्यात ते साधे, पण लहान शाळेच्या कामास पुरेसे.

चित्रे कशी असावीत, याविषयी ऑटो न्यूराथ यांचा नियम ध्यानी घेण्याजोगा आहे. १९२५ साली व्हिएन्नात समाज व अर्थव्यवहारविषयक संग्रहालय उभारणाऱ्या या विद्वानाने, गेर्ड आर्न्ट्स या चित्रकाराच्या साहाय्याने, पुढे ‘आयसोटाइप’ नावाने प्रसिद्ध झालेली चित्रपद्धती घडविली. संख्या वाढली म्हणून चित्र मोठे करू नये, तेच चित्र अधिक वेळा मांडावे, असे तिचे सूत्र. पन्नास रोपे लावावयाची असतील, तर दहा रोपांस एक याप्रमाणे सारख्या आकाराची पाच रोपे काढावीत. एका खुणेस वर्षभर एकच अर्थ असावा. प्रत्येक पट्टीस चित्र हवेच असा हट्ट नको. वेतनपत्रके वा माहितीपत्रके पाठविण्याच्या कामांना पालकांच्या दृष्टीने चित्राचे प्रयोजन नाही.

छपाईपूर्वी एखादी तारीख मुद्दाम पुढे ढकलून पाहावी. जे चित्र मागे राहील, त्याचे बंधन तपासावे, मग तारीख पूर्ववत करावी. तक्ता काळ्या-पांढऱ्यात छापून दहा पावलांवरून पाहावा, म्हणजे कोणते चित्र ओळखू येत नाही ते कळते. छापील कागदावरचे चित्र आपोआप सरकत नसल्याने कोपऱ्यात सुधारणेची तारीख घालावी, आणि नवा तक्ता लावताना जुना त्याच वेळी उतरवावा.