दाढेचं दुखणं डोळ्यापर्यंत

सखींनो, पोराचा डोळा सुजला की आपण म्हणतो, "डोळे आले असतील" किंवा "नजर लागली." पण गाल आणि डोळा एकाच बाजूने सुजला असेल तर आधी त्याचं तोंड उघडून बघा. वरची दाढ किडलेली आहे का?

असं का होतं? किडीचं छिद्र खोल गेलं की जंतू दाताच्या नसेपर्यंत पोचतात आणि मुळाशी पू होतो. वरच्या दाढांच्या मुळांपासून डोळ्याची खोबण फार लांब नसते. त्यामुळे सूज गालावरून वर चढते. कधी कधी नस मरते आणि ठणका थांबतो. आपल्याला वाटतं बरं झालं, पण पू आत तसाच असतो.

"दुधाचा दात आहे, पडेलच," असं म्हणू नका. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात.

त्याच दिवशी दवाखान्यात न्या: गाल किंवा पापणी सुजली, ताप आला, तोंड उघडेना.

क्षणभरही थांबू नका: डोळा पुढे आला, डोळा हलवताना दुखतं, एकाचे दोन दिसतात, दिसायला कमी झालं, जोराचं डोकं दुखतं, मूल गुंगीत आहे. १०८ ला फोन करा. इथे नजर जाऊ शकते, जंतू मेंदूपर्यंत गेले तर जीवही जाऊ शकतो. वेळेवर शिरेतून औषध दिलं आणि पू काढला तर बहुतेक मुलं बरी होतात.

हे करू नका: गालावर शेक देऊ नका, सूज दाबू नका, दाढेत मिश्री-तंबाखू भरू नका, घरातल्या उरलेल्या गोळ्या देऊ नका.

तारापूरच्या कंपनीत पाळी असली की एक खाडा परवडत नाही, हे खरं आहे. पण किडकी दाढ वेळेत दाखवली तर एका खाड्यात भागतं. सूज चढली तर कित्येक दिवस दवाखान्यात काढावे लागतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा सरकारी पथक मुलांना तपासायला येतं, तेव्हा दात दाखवा. मोठ्या उपचारासाठी पाठवलं तर मुंबई सेंट्रलला नायर दंत रुग्णालय आहे. पालघर-बोईसरहून रेल्वेने जाता येतं.

रोज: सकाळी आणि रात्री पेस्टने दात घासा. रात्री घासल्यावर बिस्कीट किंवा गोड दूध देऊ नका.

बैठकीत ठरवा: या महिन्यात प्रत्येकीने आपल्या मुलांच्या दाढा उजेडात बघायच्या. काळी दाढ दिसली तर आशाताईंना सांगायचं. आणि रात्री-अपरात्री मूल न्यावं लागलं तर गटातून कर्ज लगेच कसं मिळेल, तेही आजच ठरवून ठेवा.