धगधगती भिलाई

पर्यटन म्हटले की देवालये, किल्ले डोळ्यांसमोर येतात. कारखाना येत नाही. जर्मनीतील फोल्कलिंगन येथील लोहकारखाना १९८६ मध्ये बंद पडला आणि १९९४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. पर्यटक तेथे विझलेल्या भट्ट्या पाहतात.

छत्तीसगडमधील भिलाईचा पोलाद कारखाना मात्र आजही धगधगतो आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. दल्ली-राजहराच्या लोहखनिजातून कोकच्या साह्याने लोखंड काढले जाते. त्याचे पोलाद होते आणि पोलादाचे रेल्वेरूळ.

कारखाना पाहण्यास पूर्वपरवानगी लागते. तरीही ज्या रुळांवरून आपण देश पाहतो, ते घडताना पाहण्यासाठी भट्टी विझण्याची वाट का पाहावी?