आधी भाकर, मग प्रश्न

रात्री गुडघे टेकायच्या आधी दिवसभरातली पापं वहीत लिहून काढायची, ही सवय मला मंडळीच्या तरुण संघात लागली. वही तशी निरुपद्रवी होती. पण आईच्या आजारपणात माझी झोप उडाली आणि मग त्या वहीत रोज तीच कलमं उमटू लागली. प्रार्थनेत लक्ष नव्हतं. सासूबाईंशी तुटक बोलले. उपासनेत पेंग आली. प्रार्थनासभेत मन मोकळं केलं, तर एका बहिणीने डोक्यावर हात ठेवून विचारलं, "ताई, काही लपवलेलं पाप आहे का?" घरी येऊन मी ते शोधत बसले. शोधायला बसलं की पाप सापडतंच.

ज्या आवाजात मी स्वतःला झोडपत होते, तो मला देवाचाच वाटत होता. खरा धोका इथे आहे. श्रद्धाळू घरात स्वतःचा तिरस्कार नम्रतेच्या वेषात वावरतो, त्यामुळे तो कुणाला खटकत नाही. माझं तर कौतुकच झालं, की ताईंना पापाची किती जाणीव!

पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले तेव्हा कळलं, की अकारण किंवा प्रमाणाबाहेर अपराधी वाटणं हे नैराश्याच्या निदानात धरलं जाणारं लक्षण आहे. झोप जाणं, भूक मरणं, कशातच गोडी न वाटणं, यांच्याच रांगेतलं. 'कशातच' म्हटलं की त्यात प्रार्थनाही आली. डॉक्टर ख्रिस्ती नव्हते. त्यांनी साधंच विचारलं, "प्रार्थनेत मन लागत नाही ते साधारण किती वाजता? त्याआधी काय झालेलं असतं? जेवण झालेलं असतं का?" मला मात्र एकच प्रश्न माहीत होता, मी अशी का? आणि त्याचं उत्तर आधीच ठरलेलं होतं. त्यांच्या प्रश्नांना खरी उत्तरं होती. बहुतेक वेळा दुपारनंतर पोटात फक्त चहा गेलेला असायचा.

मग मी पवित्र शास्त्र पुन्हा उघडलं, ते या नजरेने. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात एलीया ईजबेलीच्या भीतीने रानात पळतो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. दूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून जेवायला घालतो. 'तू इथे काय करतोस' हा प्रश्न होरेब डोंगरावर येतो, चाळीस दिवसांच्या चालीनंतर. योहानाच्या 21 व्या अध्यायातही तोच क्रम आहे. ज्या पेत्राने तीनदा नाकारलं, त्याच्यासाठी प्रभू समुद्रकाठी मासळी भाजतो. न्याहारी झाल्यावर तीनदा विचारतो, पण नाकारण्याबद्दल चकार शब्द नाही. विचारतो ते प्रीतीबद्दल. इतकी वर्षं संडे स्कूलमध्ये या गोष्टी शिकवल्या, पण त्यातल्या जेवणाकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

म्हणून माझ्यासारख्यांना सांगते, वही ठेवायची तर ठेवा, पण 'का' काही दिवस बाजूला राहू द्या. केव्हा, कुठे, कोण होतं, अंगात काय जाणवलं, एवढंच लिहा. 'मी रागीट आहे' यापेक्षा 'सहा वाजता, भावाचा फोन ठेवल्यावर, छाती धडधडत होती' हे जास्त खरं असतं आणि त्यावर काही करता येतं. थोडा वेळ लिहा आणि वही मिटा. कुतूहलाच्या नावाखाली मनाची उलटतपासणी सुरू झाली, तर जुनाच आवाज परतलाय असं समजा. खरंच कुणाला दुखावलं असेल, तर जक्कयासारखं करा, ज्याचं बुडवलं त्याला परत द्या. त्याचा पश्चात्ताप चौपट भरपाईला पोचून थांबला. आत्मताडनाला असा शेवट नसतो.

काहींचं दुखणं याहून हट्टी असतं. कबूल केलेलं पाप नीट कबूल झालं की नाही या शंकेने ते पुन्हापुन्हा पाळकांकडे जातात, किंवा मनात नको ते निंदेचे विचार येतात म्हणून तीच प्रार्थना शंभरदा म्हणतात. 1522 साली स्पेनमधल्या मानरेसा गावात, पुढे संत झालेला लोयोलाचा इग्नेशियस याच फेऱ्यात अडकला होता, जीव द्यायचे विचार येईपर्यंत. हा मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा, प्रकार असू शकतो. त्यात दिलेला दिलासा तासाभरात विरतो आणि दिलाशाची भूक वाढते. पाळकांनी दहाव्यांदा खात्री देण्यापेक्षा डॉक्टरांकडे न्यावं. औषधं आणि वर्तनोपचार दोन्ही आहेत. जीव नकोसा वाटत असेल, तर वही नको, कुतूहलही नको. घरच्या माणसाला लगेच सांगा किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 लावा. तो फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी, हे तुम्हाला कुणीतरी ऐकवणारच. पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्य होता, एवढं त्यांना सांगा आणि विषय बदला. उपवास-प्रार्थनेचा आठवडा आला, की मी डॉक्टरांना आधी विचारते. ते नको म्हणाले, तर दोन्ही वेळा जेवून सभेला जाते. इग्नेशियस हट्टाने आठवडाभर उपाशी राहिला, तेव्हा त्याचं पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनीही त्याला उपवास सोडायलाच लावलं होतं.